मागच्या एक्सलचे मिस्त्री

मिस्त्री गाडीकडं कधी समोरून गेले नाहीत. गाडी आली की हातातलं काम खाली ठेवून ते लांबून वळसा घालत, मागं जाऊन उकिडवे बसत, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघत आणि मग मालकाला म्हणत, "हां, बोला." मालक तोवर पुढं उभा राहून नव्या रंगाचं आणि नव्या भोंग्याचं कौतुक ऐकायला तयार झालेला असे. त्याला निमूट मागं यावं लागे. "फुडून समदेच चांगले दिसत्यात," हे मिस्त्रींचं ठरलेलं बोलणं. लातूरच्या गॅरेज लाईनीत ते फक्त मागच्या एक्सलचं काम करत. इंजिनाला हात लावत नसत, ब्रेकला नाही, पुढच्या चाकाला तर बिलकुल नाही. एका पुढाऱ्यानं जीपचा दिवा बसवून मागितला तर म्हणाले, "उजेड पाडायचं काम आमच्याकडं न्हाई, सायेब. फुडं जावा."

माणसांच्या बाबतीतही त्यांची तीच तऱ्हा. मी पहिल्यांदा त्यांच्या पत्र्याखाली गेलो तेव्हा त्यांनी माझ्याभोवती अर्धी फेरी मारली आणि माझ्या चपलांच्या टाचा बघितल्या. उजवी टाच जास्त झिजलेली होती. "एका अंगावर भार टाकून उभं ऱ्हाता तुमी," म्हणाले. मला राग आला होता. आता वाटतं, डिप्लोमाच्या तीन वर्षांत माझी एवढी नेमकी परीक्षा कुणी घेतली नव्हती.

जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. म्हणजे पाटी नवी होती. जुन्या जिल्ह्यानं वाटणीत आम्हाला हात नसलेल्या खुर्च्या दिल्या, किल्ल्या नसलेली कपाटं दिली, 'र' न उमटणारा एक टाइपरायटर दिला. त्यामुळं आमचे सुरुवातीचे कित्येक आदेश 'लातू'हून निघाले. शिवाय एक डिझेल पिकअप दिला, ज्याचं इंजिन वाटेतच वारलं. दुष्काळ मात्र आमच्या वाट्याला पुरा आला, त्यात कुणी काटछाट केली नाही. पाणीटंचाई बघणाऱ्या एका कार्यालयात मी कनिष्ठ अभियंता होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. त्याची काही चूक नव्हती, खुर्च्यांना हात नव्हते एवढंच.

मोठ्या साहेबांना ताकदीची भारी आवड. त्यांनी मेलेल्या इंजिनाच्या जागी भंगारातल्या एका ट्रकचं इंजिन बसवून घेतलं आणि पिकअपच्या मागं पाण्याची टाकी असलेला ट्रेलर जोडायचं ठरवलं. एवढ्या ताकदीनं पाणी गावोगाव धावत जाईल, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी ड्रायव्हरमामांनी क्लच सोडला तेव्हा इंजिन असं गरजलं की सगळं कार्यालय बाहेर आलं. गाडी फाटकापर्यंत गेली. तिथं 'कट्ट' असा आवाज झाला आणि मागचं डावं चाक आतल्या सळीसकट बाहेर येऊन शांतपणे आडवं झालं.

म्हणून मिस्त्री.

त्यांनी खाली शिरून बघितलं. शिरायच्या आधी छातीवरचं इष्टलिंग फडक्यात गुंडाळून काखेत घट्ट बांधायचं, ही त्यांची सवय. ठिणगी तिथवर जायला नको म्हणून. ते उदगीरकडचे, लिंगायत. लोखंडावर चिडले की कानडीत बोलत आणि माणसावर चिडले की गप्प बसत.

"हे बगा सायेब," बाहेर येऊन म्हणाले, "ह्या गाडीत जी सळी चाक फिरवती, तीच गाडीचं वजन उचलती. हाटेलात जायला ठीक हाय. वढायला न्हाई. फिरणाऱ्यानं फिरावं, उचलणाऱ्यानं उचलावं. दोनी कामं एकालाच दिली की मोडतंय." मग माझ्या टाचांकडं बघून विचारलं, "तुमच्या हाफिसात कसं हाय?"

"दोन्ही एकालाच आहेत," मी म्हणालो. "मलाच."

"मंग मोडंल," म्हणाले आणि चहा सांगितला.

त्यांचा बेत असा होता: मोठ्या गाडीचे चाकाच्या मधले हब आणून बसवायचे, म्हणजे वजन सगळं बाहेरच्या हौसिंगवर येईल आणि आतली सळी फक्त फिरेल. हौसिंग म्हणजे मधला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोळा आणि त्यात दोन्हीकडून ठोकून बसवलेल्या पोलादी नळ्या. ट्रकच्या इंजिनाचा झटका बसला तर या नळ्या गोळ्यात गरकन फिरतील, म्हणून त्या गोळ्याला वेल्डिंगनं जोडायच्या. खालून धनुष्यासारखी जाड पट्टी द्यायची, म्हणजे वजनानं हौसिंग वाकणार नाही. "आन पानी हे मेलेलं वजन न्हाई," त्यांनी बजावलं. "गव्हाचं पोतं गप पडतंय. पानी टाकीत लाथा मारतंय. गाडी थांबती, पानी थांबत न्हाई."

आमच्या साहेबांना हे सगळं एका दिवसात हवं होतं.

मिस्त्रींचं वेल्डिंग बघायला लाईनीतले लोक यायचे ते करमणूक म्हणून. आधी ते गोळा निखाऱ्यांवर तापवत. मग बोटाच्या पेराएवढं जोडत, छोट्या हातोडीनं टिचटिच ठोकत आणि हातातलं सगळं ठेवून बसून राहत. पुढचं पेर उलट बाजूला. पुन्हा बसणं. मधे कुणी बोललं की बोट वर करत. एकदा मी न राहवून विचारलं, "काय करून राहिले, मिस्त्री? झोपले की काय?"

"ऐकून ऱ्हायलो," त्यांनी माझ्या भोकरच्या बोलण्याला चिमटा काढला. "तापलेलं बीड बोलतंय. तुमी नांदेडवाले लई मोठ्यानं बोलता, त्याचं ऐकू येत न्हाई."

आणि शेवटी राख. जागेच्या मागं त्यांनी एक खड्डा केला होता. वीटभट्टीची चाळलेली गरम राख, त्यात थोडा चुना. काम झालेलं हौसिंग त्यात पुरायचं आणि दोन दिवस तिकडं फिरकायचंच नाही. ते पुरताना मिस्त्री हळू आवाजात म्हणत, "बसवलं." त्यांच्यात गेलेल्या माणसाला विभूती घालून जमिनीत बसवतात, तसं. फरक एवढाच की हौसिंग तिसऱ्या दिवशी उठे आणि मग कुणाच्या बापाला तुटत नसे. त्यांनी बसवलेलं एक्सल मोडलं असं लाईनीत कुणी ऐकलं नव्हतं. पुढं ऐकलं. ते कशामुळं, हे सांगायलाच मी बसलोय.

आमचं हौसिंग राखेत गेलं त्या संध्याकाळी कार्यालयात निरोप आला की उद्या सकाळी दहाला पाहुणे येणार. राजधानीहून. टंचाईग्रस्तांसाठी नव्या जिल्ह्यानं स्वतः तयार केलेल्या वाहनाला ते झेंडी दाखवणार. वाहन चार विटांवर उभं होतं, मागून उघडं. साहेबांनी मला बोलावलं आणि अतिशय प्रेमानं विचारलं, "तुमची परिवीक्षा कधी संपते हो? कायम कधी होणार?"

मिस्त्री त्याच संध्याकाळी भाचीच्या लग्नाला निलंग्याला निघाले होते. मी स्टँडवर जाऊन त्यांना गाठलं.

"उद्या दुपारनंतर काडा," एस.टी.च्या पायरीवरून म्हणाले. "लईच घाई आसंल तर. पन आपल्या आपन गार होऊ द्या. आन पानी दावू नका त्याला. बिलकुल."

"नाही दाखवत."

"शबूद?"

"शब्द."

सकाळी सहाला मी एकटा त्या खड्ड्यापाशी गेलो. राख उकरली. हौसिंगला हात लावता येत नव्हता. सात वाजता येत नव्हता. फिटर आठला येणार, त्याला बेअरिंग बसवायचे, तेलाचे सील बसवायचे. तापलेल्या लोखंडावर सील वितळतात. शेजारीच आमचा ट्रेलर उभा होता, झेंडीसाठी काठोकाठ भरलेला. मी तोटी सोडली, एक बादली भरली आणि ओतली. मग दुसरी.

बिडाचा तवा चुलीवर तापलेला असताना त्यावर पाणी ओतलं की तो तडकतो, हे माझ्या अडाणी आईला ठाऊक होतं. मी पहिल्या वर्गात पास झालेला डिप्लोमावाला. वाफेचा लोट उठला आणि वाफेत एक बारीक आवाज आला, टिक्. नखावर नख आपटल्यासारखा. मी ऐकला. मग लगेच ऐकला नाही असं ठरवलं.

फिटर आला तेव्हा हौसिंग गार होतं आणि मी घामाघूम. "लवकर गार झालं की," तो म्हणाला. मी म्हणालो, "हवा सुटली होती." त्या उन्हाळ्यात लातुरात पहाटे हवा सुटली होती असं म्हणायलाही धाडस लागतं.

पाहुण्यांनी पुढच्या बंपरला हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढच्या बाजूचा फोटो काढला. मागं कुणीही गेलं नाही. माझंही कौतुक झालं. पौर्णिमेला आईनं भोकरच्या विहारात माझ्या नावानं साखर वाटली. आमच्या घराण्यात पगार नावाची गोष्ट माझ्यामुळं पहिल्यांदा आली होती, आणि ती हलते की राहते याची काळजी सगळ्या गल्लीला होती.

मिस्त्री निलंग्याहून आले ते थेट कार्यालयात. गाडी खेपेवर गेलेली होती. "गार व्हऊ दिलं ना?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. आमच्याकडं मान अशी हलवता येते की तिचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

गाडी आठवडाभर चालली. मग चाकूरच्या अलीकडच्या उतारावर, भरल्या टाकीनं, हौसिंग गोळ्याजवळ सरळ रेघेत फुटलं. पाण्यानं मागून लाथ मारली आणि गाडी आडवी झाली. ड्रायव्हरमामांचा पाय दाराखाली सापडला. जवळच्या वस्तीवरची माणसं घागरी घेऊन पळत आली, रस्त्यावरून वाहणारं पाणी वाट्यांनी भरून घेतलं आणि मग मामांना बाहेर काढलं. त्यात चूक काढायला माझं तोंड नाही. पाय वाचला, पण वाकडा जुळला. मामांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. ती सोय मी खटपट करून लावून दिली, म्हणून ते निवृत्त होईपर्यंत मला दुवा देत राहिले. ते आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. मिस्त्री धुतलेला सदरा घालून आले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. टेबलावर हौसिंगचा फुटका तुकडा होता. त्यांनी तो उचलून उजेडाकडं धरला, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मग थेट माझ्याकडं वळले. ते माणसाकडं समोरून बघत आहेत असं मी पहिल्यांदाच बघितलं.

"सायेब, पानी दावलं का?"

खोलीत पाच-सहा जण. मला लहानपणापासून पंचशील पाठ आहे. त्यातलं चौथं खोटं बोलण्याबद्दल आहे, तेही पालीतून बिनचूक येतं.

"नाही," मी म्हणालो.

मोठे साहेब काही म्हणायला लागले तर मिस्त्रींनीच त्यांना थांबवलं. "सायेब न्हाई म्हन्त्यात तर न्हाई. मंग माझ्याच हाताचं कायतरी चुकलं आसंल." आणि तुकडा फडक्यात बांधून विचारलं, "ह्यो मी नेऊ का?"

अहवालात 'सदोष वेल्डिंग' असं आलं. तो मीच लिहिला, अक्षर बरं म्हणून. माझी परिवीक्षा वेळेवर संपली.

ते खवळले असते तर मला सोपं गेलं असतं. ही तक्रार मी बरीच वर्षं स्वतःशी करत आलोय. आपण ज्याला बुडवलं त्यानं निदान चिडावं तरी, अशी आपली माफक अपेक्षा असते. मिस्त्रींनी माझा शब्द खरा मानला आणि स्वतःचा हात खोटा. चौकशीनंतर त्यांनी एकही हौसिंग जोडलं नाही. दोन-चार महिन्यांत लाईनीतली जागा सोडून उदगीरला गेले. मला बढती मिळाली, नांदेडला गेलो, धर्माबादला गेलो, आणखी बढती मिळाली. जिथं जाईन तिथं लोक म्हणत, साहेब फार कमी बोलतात. ते खोल स्वभावाचं लक्षण समजलं जाई. मीही समजू दिलं.

पंधरा-सोळा वर्षांनी एका पाहणीसाठी उदगीरला जावं लागलं. पत्ता शोधावा लागला नाही. स्टँडमागच्या बोळात खिडक्यांच्या जाळ्या लावून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामागं मिस्त्री बसले होते, केस पांढरे.

"शरणार्थ सायेब! या, या. आवो, च्या टाका, लातूरचे सायेब आले."

"आता जाळ्या करता?"

"खिडकीवर कुनाचा भार नसतोय," ते हसले. "चुकलं तरी मानूस मरत न्हाई."

मग त्यांनी मला आत नेलं. भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर बिडाचे तुकडे, प्रत्येकाला पोलादाची पट्टी जोडलेली, प्रत्येक तुकडा जोडापाशी मोडलेला, शेजारी खडूनं खूण. हे वीटभट्टीच्या राखेतलं, हे तुरीच्या काड्यांच्या, हे गोवऱ्यांच्या. हे जास्त चुन्याचं, हे बिनचुन्याचं. पाण्याचं एकही नव्हतं, मी 'नाही' म्हणालो होतो ना. मधोमध आमचा तो तुकडा.

"ह्याच्यासारखं कुटलंच मोडंना," ते म्हणाले. एखाद्या मास्तरानं अवघड गणित दाखवावं तसे दाखवत होते. "आदी वाटलं राख वल्ली होती. मंग वाटलं गोळाच खराब. आता चार वर्सं झाली, वाटतंय माझी नजरच गेलती त्या दिशी, भाचीच्या लग्नाच्या नादात. घाई केली म्या."

"घाई तुम्ही नाही केली, मिस्त्री," मी म्हणालो. "मी पाणी ओतलं होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. तुकड्याकडं बघितलं.

"किती?"

"दोन बादल्या."

"धार धरली का एकदम?"

"एकदम."

"गोळ्यावर का नळीवर?"

"गोळ्यावर."

"मंग बराबर हाय," ते पुटपुटले. "मंग आसंच मोडणार. सरळ रेघ." आणि त्यांचा चेहरा खुलला. खरंच खुलला, मी तो बघितला आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला ते म्हणाले, "ऐकलं का? माझं चुकलंच नव्हतं!"

बाई मात्र लोखंडावर जीव लावणाऱ्यातल्या नव्हत्या. कप माझ्यापुढं न ठेवता खाली फरशीवर ठेवला. "सोळा वर्सं, सायेब," म्हणाल्या. "ह्यांनी आमच्या चुलीतली राख सुदिक भांडी घासाया ठिवली न्हाई. लेकीच्या सासरी सांगितलं, माझा हात अपेशी हाय, तुमच्या मोटारीला मी हात लावत न्हाई. तुमाला एक कारट टाकता आलं नसतं व्हय?"

पोस्टकार्ड स्वस्त होतं.

मिस्त्री सदरा चढवत होते. "चला."

"कुठं?"

"लाईनीत. मला सांगून काय उपेग? जितं माझं नाव गेलं तितं सांगा."

सरकारी जीप होती, पण तिच्यात बसायला ते तयार झाले नाहीत, एस.टी.नं गेलो. लातूरची गॅरेज लाईन आता ओळखू येत नव्हती. काचेची दुकानं, तयार माल. जुन्यातले एकटे गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे ठोकणारे चाचा उरले होते, तेही खुर्चीत. त्यांनी डोळे बारीक केले. "अरे, मिस्त्री? वो पानी के टँकर का एक्सल टूट्या था, वोच ना तुम?"

मिस्त्रींनी बाजूला सरकून मला जागा करून दिली.

मी सांगितलं. भर उन्हात, रस्त्यावर उभा राहून. चाचांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "दो बालटी? इत्ता पढ को बी?" आजूबाजूच्या कारागिरांनी क्षणभर वर बघितलं. त्यांना बहुतेक इतकंच कळलं असेल की कुणीतरी साहेब आहे आणि त्याला ऊन लागलंय. ज्यांच्यासमोर नाव गेलं होतं त्यातलं कुणी मेलं होतं, कुणी गाव सोडून गेलं होतं. कबुली द्यायला मी अगदी सोयीची वेळ निवडली होती.

मागं बघितलं तर मिस्त्री नव्हते. शेजारी एक पिकअप उभा होता, मागं भरलेला ट्रेलर. त्याच्या खालून दोन पाय बाहेर आलेले आणि आतून कानडीत काहीतरी चाललेलं. मग मराठीत: "कुनी केलंय हे वेल्डिंग? भाकरीला तूप लावल्यावानी वर वर लावलंय की!"

गाडीचा मालक चहा सोडून धावत आला. तिशीचा, नवा शर्ट. "ओ बाबा! निगा भाईर! काय लावलंय?" मग माझ्या कपड्यांकडं बघून जरा नरमला. "कोन हाय हो ह्यो म्हातारा?"

मी मिस्त्रींचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्याच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. म्हणून मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो. नवा जिल्हा, दुष्काळ, राखेचा खड्डा, माझ्या दोन बादल्या, माझं 'नाही'. त्यानं त्यातलं काहीही विचारलं नव्हतं.

गाडीखालची बडबड थांबली होती.

"सायेब," खालून आवाज आला, "जरा मोठ्यानं सांगा. हितं ऐकू येईना."